साक्षीदारांच्या हाती अंबाडी

आमच्या ठाण्यातल्या चारही खाटा साक्षीदारांनी विणलेल्या होत्या. आई शप्पथ, थापा मारत नाही. एक खाट शेळीचोरीच्या केसमधली, दोन धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातल्या आणि चौथी, जरा तिरकी, एका पळून गेलेल्या नवरीच्या मामाने विणलेली. मामा विणताना फार घाबरलेला होता. त्या खाटेवर रात्री सरळ झोपलेला शिपाई सकाळी भिंतीला चिकटलेला सापडायचा.

हा सगळा उद्योग मेजरचा. मेजर म्हणजे आमचे हवालदार. हवालदाराला मेजर म्हणायची पोलिसात पद्धतच आहे, पण केशोरीपासून अर्जुनी मोरगावपर्यंत नुसतं ‘मेजर’ म्हटलं की हाच एक माणूस डोळ्यांपुढे यायचा. काटकुळा देह, भरघोस मिशी, आणि हिवाळ्यात वर्दीचे दोन्ही खिसे उकडलेल्या शिंगाड्यांनी फुगलेले. तलावांचा मुलूख, शिंगाड्याला तोटा नाही. जबाब घेताना, बंदोबस्तात, एकदा तर मोठ्या साहेबांपुढे सावधान उभे असतानाही मेजरच्या गालात शिंगाडा होता. साहेबांनी विचारलं, “दात दुखतोय का?” मेजर म्हणाले, “हो साहेब.” साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली.

आता हे खोटं बोलणं झालं. पण त्या वेळी त्यांची टोपी काखेत होती, हे मी स्वतः पाहिलंय. टोपी डोक्यावर असताना खोटं बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. फोनवर वरच्यांना “जीप बिघडली हाये जी” असं सांगायचं असलं की आधी टोपी काढून टेबलावर ठेवायचे. महिनाभरात मी शहाणी झाले. टोपी टेबलावर दिसली की पुढचं वाक्य ऐकायचंच नाही.

मी साताऱ्याकडची. फौजदार होऊन पहिल्याच नेमणुकीला या टोकाला येऊन पडले. आईने नकाशात गोंदिया शोधला आणि जेवण सोडलं. पहिल्या दिवशी मी ठाण्यात शिरले तर व्हरांड्यात एक बाई लाखोळीची भाजी निवडत बसलेली, समोर मेजर उकिडवे बसून तेच करत होते. मला वाटलं, त्यांची बायको असावी. मग कळलं, ती मारामारीच्या केसमधली फिर्यादी. मी तडकले. म्हटलं, “मेजर, जबाब टेबलावर घ्यायचा असतो.”

“घ्या जी,” मेजर म्हणाले. “टेबल तुमचाच हाये.”

घेतला. तासभर त्या बाईने मला “हो मॅडम, नाही मॅडम” ऐकवलं आणि पदर चावला. शेवटी कंटाळून मी चहाला उठले. परत आले तर बाई पुन्हा भाजीपाशी, आणि दिराने कोणती काठी कुठल्या हाताने मारली, त्याआधी काय शिवी दिली, सगळं घडाघडा सांगून चुकलेली. मेजरनी भाजी माझ्या हातात दिली. “मॅडम, हात रिकामा असला का मानूस तोंड सजवते. हाताले काम द्या, मंग तोंडाकडे ध्यान राहत नाही त्याचं.” बायांना भाजी, पोरांना शेंगा, बाप्यांना अंबाडीचा दोर वळायला, अशी त्यांची वाटणी होती. ठाण्यात दोराला कधी कमी पडली नाही. आरोपी आला की “पाहुणा आला” म्हणायचे. मोबाइलला ‘चुगलखोर’ म्हणायचे आणि स्वतःचा मोबाइल भाताच्या डब्याच्या पिशवीत ठेवायचे. वाजला तर पिशवीवर थाप मारायचे.

अशा माणसाच्या हाताखाली, नव्हे, डोक्यावर मी अधिकारी होते. म्हणजे कागदावर.

आणि मग माझा पहिला खून झाला. माझा म्हणजे मी तपासलेला. हिवाळा होता, धान कापून झालेलं, वावरावावरांत पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. जवळच्या एका गावात तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आपल्याच पुंजण्याजवळ, दुलीचंद नावाचा सत्तरीला टेकलेला शेतकरी मरून पडला होता. डोक्यात मागून घाव. ठाणेदार साहेब मुलीच्या लग्नाच्या रजेवर, त्यामुळे तपास माझ्याकडे. लाज वाटते सांगायला, पण जीपमध्ये बसताना मला आनंद झाला होता. मेजर म्हणाले, “मॅडम, मयताकडे जाऊन राहिलो, वरातीले नाही.”

घटनास्थळी आम्हाला गुलाबभाऊ भेटले. गावचे माजी सरपंच, पांढरे स्वच्छ कपडे, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि पुढच्या निवडणुकीला उभे राहायची तयारी चाललेली. गोंदियाजवळ कुडव्याला मुलाच्या घरी होते म्हणे, बातमी कळताच धावत आले. त्यांनी पंच दिले, खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि दिवस मावळायच्या आत आरोपीही दिला.

“मॅडम, किसीका नाम लेना अच्छा नाही वाटत,” ते म्हणाले, “पर सोमाजीले विचारा. तीस साल झाले, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आज सकाळी त्याले पाळीवरून उतरताना लोकाईनं पाहिलं.”

सोमाजी दुलीचंदच्याच वयाचा, चार एकरांचा कास्तकार. दुष्मनी सगळ्या गावाला माहीत. पाळीवरून येताना पाहणारे दोघे. मला आणखी काय हवं? त्याच दिवशी गावच्या चौकात दुलीचंदचा मुलगा नरेश रडत उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, शंभर माणसांच्या देखत मी म्हणाले, “तुमच्या वडलांना सोमाजीनेच मारलंय. आठ दिवसांत आत टाकते, बघा.” लोकांनी माना डोलावल्या. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

मेजर जीपमध्ये एवढंच म्हणाले, “कायले घाई केली जी?” दुसऱ्या दिवशी त्यांना मंडईच्या बंदोबस्ताला जावं लागलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटकं होतात, तिथे पोलीस लागतात. ते चार दिवस गेले, आणि मी मोकळी सुटले.

सोमाजीला मी रोज सकाळी बोलवायची, संध्याकाळी सोडायची. टेबलावर, खुर्चीत, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

“मयताला ओळखत होतात?”

“हो बाई.”

“नाव सांगा त्याचं.”

गप्प.

“अहो, नाव सांगा.”

“नाई घेत.”

काही केल्या नाही घेतलं. मी केस डायरीत लिहिलं, ‘मयताबद्दल तीव्र द्वेष, नाव उच्चारण्यासही नकार.’ वाक्य मला फार आवडलं. दुपारी शिपायाने वरण-भाजी आणली तर त्याने हात लावला नाही. नुसता कोरडा भात, तोही मिठाशिवाय, चार घास. खाटेवर बसायला सांगितलं तर खाली जमिनीवर. मी लिहिलं, ‘अन्नावर वासना नाही. अपराधी मनःस्थिती.’ चौथ्या दिवशी तो पहिल्यांदा आपणहून बोलला. “बाई, दहाव्या दिवशी मले अडवजा नोका. अकराव्या दिवशी फाशी द्या, कायबी करा.” दहाव्या दिवशी काय आहे विचारलं तर पुन्हा मौन. मी लिहिलं, ‘फरार होण्याची दाट शक्यता.’ तीन वाक्यांत मी त्या म्हाताऱ्याला जवळजवळ लटकवलाच होता. अटकेचे कागद तयार केले आणि वर फोन करून सांगितलं, उद्या घेते.

त्या संध्याकाळी मेजर बंदोबस्तावरून परतले. डायरी त्यांनी उभ्यानेच वाचली, अगदी चवीने.

“लिवता मस्त जी तुमी,” ते म्हणाले. “मी म्हनलं कादंबरी होय का काय.”

“चिडवू नका मेजर. द्वेष दिसतोय की स्पष्ट. नावसुद्धा घेत नाही!”

“मॅडम, दुष्मनाचं नाव मानूस दिवसातून दहा खेपा घेते, शिवीसंग. नाव कोनाचं घेत नाही, सांगा? माही बायको माहं नाव घेत नाही. आन...” ते एकदम थांबले. “मीठ खाल्लं नाही म्हनता? फोडनीचं खाल्लं नाही? खाली बसते?”

“हो.”

“अवो मॅडम, त्यो सुतक पाळून राहिला न!”

मी म्हटलं, सुतक कसलं, तो कुठे नातेवाईक आहे? मेजरनी कपाळावर हात मारला आणि मग या साताऱ्याच्या अडाणी पोरीला समजावून सांगितलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिकडे भुजली असते. टोपलीत गव्हाचे कोंब उगवतात, तलावात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात, आणि ज्याच्याशी जन्माची मैत्री करायची त्याच्या कानावर ते कोंब खोवतात. त्याला भुजली बदणं म्हणतात. त्या दिवसापासून ते दोघे एकमेकांचे ‘भुजली’. सख्ख्या भावापेक्षा जवळचे. मरेपर्यंत एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, आणि मेल्यावर भावासारखं सुतक धरून दहाव्या दिवशी पाणी द्यायचं. अटकेचे कागद टेबलावर समोरच पडले होते.

सकाळी सोमाजी आला. मेजरनी त्याला खुर्ची दाखवली नाही, व्हरांड्यात आपल्यासमोर बसवलं आणि अंबाडीची जुडी हातात दिली. दोघे दोर वळू लागले. मी खांबाला टेकून उभी. मग मेजरनी खाली बघतच विचारलं, “काय जी, भुजली होते न तुमचे?”

सोमाजीचा हात थांबला. तोंड तसंच राहिलं, पण डोळ्यांतून पाणी टपटप अंबाडीवर पडायला लागलं. एवढा म्हातारा माणूस तसा रडताना मी पाहिला नव्हता. मला माझ्या डायरीची इतकी लाज वाटली की ती टराटरा फाडून टाकावी.

“दहा-बारा वर्साचे होतो, तवा बदली भुजली,” तो म्हणाला.

“मंग तीस वर्स बोलले नाही, ते काऊन?”

“बोलनं बंद केलं जी. नातं थोडीच बंद होते.”

पुढचं सांगायला तो तयार नव्हता. “त्याची गोष्ट हाये, त्यानंच सांगाची होती. मेल्या मानसाच्या तोंडाले मी काळं फासू काय?” मेजरनी घाई केली नाही. एक हातभर दोर वळून झाला, मग म्हणाले, “त्यो सांगाले निंगाला होता न? तुमी नाही सांगितलं त त्याचं निंगनं वाया गेलं.”

मग सोमाजी बोलला. तीस वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला होता, तलावात पाणी थोडं, आणि ते सगळ्यांना वाटून द्यायचं ठरलेलं. एका पहाटे गुलाबभाऊंनी आपल्या धानासाठी तलावाची पाळ फोडली. खालच्या नाल्यात छत्तीसगडकडून धानाच्या रोवणीला आलेली एक मजूर बाई भांडी घासत होती. लोंढा आला आणि ती गेली. हे दोघांनी पाहिलं, सोमाजीने आणि दुलीचंदने. पाळीखालचा एक एकर गुलाबभाऊंनी दुलीचंदला दिला आणि त्याचं तोंड बंद झालं. सोमाजीने एकर घेतला नाही, पण भुजलीला धरून देणंही त्याच्याने झालं नाही. त्याने बोलणं तेवढं सोडलं. आता, मरायच्या आदल्या संध्याकाळी, दुलीचंद तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या अंगणात आला. “भुजली, मले झोप येत नाही,” म्हणाला. दोघांनी ठरवलं, सकाळी पुंजण्यापाशी भेटायचं आणि ठाण्यात जायचं. दुलीचंद मुळात भला, म्हणून त्याने तिथूनच गुलाबभाऊंना फोन करून तसं सांगूनही टाकलं. सकाळी सोमाजी पोचला तर भुजली मरून पडलेला. त्याने डोळे मिटवले, थोडा वेळ जवळ बसला आणि घरी आला.

“मले धरलं त धरू देत म्हनलं,” तो म्हणाला. “खरं सांगा त त्याले लाच खाल्लेला म्हना लागते.”

मी मेजरकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते मिशीला पीळ देऊन माझ्याकडे बघतील. जिंकलेच होते ते. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोर बाजूला ठेवून शिंगाडा सोलायला घेतला होता, तो हातातच राहिला.

“मॅडम,” ते म्हणाले, “त्यो पंचनामा माहा हाये.”

कोणता, हे मला क्षणभर कळलंच नाही.

“त्या बाईचा. मले दोन वर्स झाले होते नोकरीत. गुलाबभाऊच्या ओसरीत बसून लिवला. ‘परप्रांतीय मजूर स्त्री, पाय घसरून पाण्यात पडली.’ त्याईनं सांगितलं, मी लिवलं. फुटली पाळ पाहाले बी गेलो नाही.”

बाकीचा तपास दोन दिवसांत उरकला. मेजरच्या भाषेत सांगायचं तर चुगलखोराने चुगली केली. मी आजवर एकट्या सोमाजीच्या फोनची माहिती मागवली होती, आता गुलाबभाऊंची मागवली. आदल्या संध्याकाळी दुलीचंदचा फोन होता, आणि कुडव्याला असल्याचं सांगणारे भाऊ त्या सकाळी आमच्याच टॉवरखाली होते. त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धुतलेला फावडा सापडला. धुतला होता, पण दांड्याच्या सांधीत रक्त राहिलं होतं. निवडणूक तोंडावर असताना जुनं मढं वर येऊ नये, एवढ्यासाठी एका माणसाचा जीव गेला.

मला मेजरच्या जबाबाची गरज नव्हती. खुनाला पुरावा पुरेसा होता. मी त्यांना तसं सांगितलंही. “मेजर, तुमचं रिटायरमेंट आठ महिन्यांवर आलंय. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. जुन्या पंचनाम्याचं मी बघते, तुमचं नाव मध्ये कशाला?” त्यांनी टेबलावरची टोपी उचलली, नीट डोक्यावर बसवली आणि माझ्यासमोर साक्षीदाराच्या जागी बसले. “लिवा मॅडम.” मी लिहिलं. लिहिताना दोनदा पेन थांबलं. त्यांचं बोलणं मात्र थांबलं नाही.

चौकशी लागलीच. निवृत्तीनंतर कितीतरी दिवस पेन्शन अडकून राहिली. मी भेटायला गेले की म्हणायचे, “बरं हाये जी, काम सुटलं, आता शिंगाडे खाले टाइम भेटते.” टोपी तर आता डोक्यावर नसायचीच, त्यामुळे खरं की खोटं, काय समजायचं ते कळायचं नाही. पण मी हे सगळं त्यांच्या पेन्शनसाठी लिहायला बसले नाही. दहाव्या दिवसासाठी बसले आहे.

दहाव्या दिवशी सकाळी मेजर मला तलावावर घेऊन गेले. गुलाबभाऊ आदल्या दिवशी आत गेले होते, पण गाव ते मानायला तयार नव्हतं. पाळीवर पन्नासेक माणसं. पाण्याच्या कडेला नरेश, डोकं भादरलेला. सोमाजी लांब, एका पळसाखाली उभा, हातात तांब्या. पुढे जायची त्याला सोय नव्हती.

“त्याले इथं येऊ देनार नाही,” नरेश मला म्हणाला. “माह्या बापाले मारलं त्यानं. तुमीच त चौकात सांगितलं मॅडम. आता म्हनता दुसऱ्यानं मारलं. कोनाचं खरं मानाचं?”

त्याचं काय चुकलं? मी मेजरकडे पाहिलं. मनात म्हटलं, काहीतरी बोला, तुमच्या भाषेत, तुमच्या पद्धतीने, काढा मला यातून. मेजर हलले नाहीत. “चौकात बोलल्या होत्या न,” एवढंच हळूच म्हणाले.

मग मी बोलले. म्हटलं, “मी चुकले. मला काही माहीत नसताना मी या माणसावर खुनाचा आळ घेतला, तुम्हा सगळ्यांसमोर. यांनी तुमच्या वडलांना मारलं नाही. हे त्यांचे भुजली होते. दहा दिवस यांनी मीठ खाल्लेलं नाही, ठाण्यात ते मी स्वतः पाहिलंय, आणि त्यालाच मी गुन्हा समजले. मला माफ करा. तुम्ही पण करा, सोमाजीकाका.” वर्दीतल्या बाईने हात जोडलेले गावाने बहुतेक पहिल्यांदा पाहिले. एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली.

“भुजली?” नरेश म्हणाला. बापाने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने पळसाखाली तांब्या धरून उभ्या असलेल्या सोमाजीकडे पाहिलं. मग गेला, त्याचा हात धरला आणि पाण्यापर्यंत घेऊन आला. “काका, पानी तुमी द्या. नाव मी घेतो.” आणि त्याने बापाचं नाव घेतलं, आणि सोमाजीने ओंजळीने भुजलीला पाणी दिलं.

माझं तर काम झालं होतं. मी वळले, तर मेजर बूट काढत होते. विजार गुडघ्यापर्यंत सारून ते थंडगार पाण्यात उतरले, सोमाजीच्या शेजारी जाऊन उभे राहिले, ओंजळ भरली. विधी सांगणाऱ्या महाराजांना काही उमजेना. त्यांनी विचारलं, “मेजर, तुमी कोनाले पानी देऊन राहिले?”

मेजरनी ओंजळ तशीच धरली आणि सोमाजीकडे पाहिलं.

“त्या बाईचं नाव काय होतं जी?”

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पंचनामा लिहिणाऱ्यानेही नाही.

“सुकवारो,” सोमाजी म्हणाला.

“सुकवारो,” मेजर मोठ्याने म्हणाले, पाळीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि ओंजळ सोडली.